आज दुकानात आलेली पॅकेजं

सकाळी साडेसहा

चहा होईपर्यंत रात्रीचे निरोप वाचून घेते. कौंडण्यपुरात माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डाची ई-केवायसी, झेरॉक्स ही रोजची कामं. त्याला जोडून इथल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट आणि गुगल मॅपवरच्या नोंदी करून देते. प्रसादाचं दुकान, भोजनालय, कुरडया-पापड करणारा बायकांचा बचत गट, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला थेट संत्री विकणारे दोनचार कास्तकार अशी माझी मंडळी.

आज एकच जाहिरात तीन जणांनी पुढे पाठवली होती. ‘24 तासांत 10,000 खरे व्हिजिटर, फक्त 499 रुपये.’ खाली भोजनालयवाल्याच्या मुलाचा प्रश्न : ‘ताई, जत्रेच्या आंधी घेऊ का हे?’

कार्तिकातली जत्रा जवळ आली की हे सुरू होतं. रुक्मिणीचं माहेर म्हणून लोक इथे येतात. इथून पंढरपूरला जाणारी पायी पालखी 1594 पासूनची मानली जाते. वर्षभर शांत असलेल्या गावात जत्रेत चार पैसे होतात, आणि त्या चार पैशांच्या आशेवर बाहेरची माणसं टपून असतात. मी त्याला लिहिलं, ‘घेऊ नको. संध्याकाळी ये, बसून बोलू.’

साडेआठ

शटर उघडायच्या आतच ओट्यावर पाच-सात जण. अंगठा न उमटणाऱ्या एका आजीला तीनदा बसवलं, शेवटी डोळ्याच्या मशीनवर काम झालं. दोन सातबारे, एक उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. साइट दहा मिनिटं बंद, मग सुरू. हे रोजचंच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

दहा

प्रसादवाले काका हातात चालू फोन घेऊनच आत आले. “पोरी, गूगलवाला हाय म्हने. तूच बोल. दुकान बंद करून रायला थो.”

मी स्पीकर लावला. पलीकडचा मुलगा हिंदीत, अगदी नम्रपणे बोलत होता. तुमची मॅपवरची नोंद आज संध्याकाळी काढली जाणार, ती वाचवायची तर वर्षाचे 1,500 अधिक जीएसटी असे 1,770 रुपये भरा, म्हणजे ‘मंदिराजवळचं प्रसादाचं दुकान’ असं कोणी शोधलं की पहिलं नाव तुमचंच. आणि आत्ता मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे सांगा.

मी विचारलं, “आप कहाँ से बोल रहे हैं?” तर म्हणाला, “गूगल पार्टनर.” कंपनीचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक मागितल्यावर त्याचा आवाज चढला आणि फोन कट झाला.

काकांना मी जे सांगितलं ते जवळजवळ रोज कुणाला तरी सांगते. मॅपवर धंद्याची नोंद करायला गुगल एक रुपयाही घेत नाही. पैसे घेऊन शोधात पहिला नंबर देत नाही, आणि तशी हमी दुसरं कोणी देऊ शकत नाही, हे गुगलनंच आपल्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. पैसे भरून जाहिरात जरूर देता येते. पण ती वेगळी गोष्ट, तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं आणि पैसे संपले की ती जाते.

1,770 रुपये गेले असते तर काकांनी चार दिवस हळहळ करून सोडून दिलं असतं. मला भीती होती त्या सहा आकड्यांची. तो ओटीपी दिला असता तर काकांच्या दुकानाची नोंद त्या माणसाच्या ताब्यात गेली असती. मग फोन नंबर तो बदलणार, काकांच्या नावावर लोकांकडून आगाऊ पैसे तो घेणार, आणि नोंद परत हवी असेल तर पुन्हा पैसे मागणार. काकांनी वीस वर्षांत कमावलेलं नाव एका फोनवर दुसऱ्याच्या खिशात.

नंबर ब्लॉक केला आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर कळवला. पैसे गेले नसतील तरी असला संशयास्पद फोन तिथे कळवता येतो, 2024 च्या मार्चपासून ही सोय आहे. काका म्हणाले, “मंग मले काहून सांगत नाई कोनी हे?” बँकेत फलक असतो, मध्यंतरी फोन लावला की सूचनाही ऐकू यायची, पण ‘ओटीपी सांगू नका’ एवढ्यावरच सगळं संपतं. कोणता ओटीपी कशाचं दार उघडतो हे कुणी समजावून सांगत नाही. ते सांगायला हवं.

साडेअकरा

बचत गटाच्या अध्यक्षा आणि सचिव दोघी आल्या. सचिवताईंच्या पिशवीत गटाचं रजिस्टर. चेहरे बघूनच कळलं काहीतरी झालंय.

गटाची साइट मी उन्हाळ्यात करून दिली होती. ती सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवसापासून त्यांना फोन यायला लागले. नवी साइट निघाल्याची कुणकुण या लोकांना लागतेच. कोणी ‘एसईओ’ म्हणजे शोधात वर आणणं विकतं, कोणी ‘लीड’ म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर. त्यातल्या एकाकडून त्यांनी 2,999 रुपयांचं ‘ट्रॅफिक पॅकेज’ घेतलं, मला न विचारता. पैसे गटाच्या खात्यातून गेले. या बायका आठवड्याला ठरलेली रक्कम टाकतात, कुणी निंदणाच्या मजुरीतून, कुणी दुधाच्या पैशातून. रजिस्टरमध्ये त्या नोंदीपुढे सचिवताईंनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं.

“बारा हजार लोकं येऊन गेले म्हने,” अध्यक्षा म्हणाल्या. “कागद बी धाडला त्यानं. पन एक पाकीट नाई गेलं वं ताई. आमच्या कुरडईत काई खोट हाय का?”

हा प्रश्न मला फार लागला. पैसे गेले ते गेलेच, वर त्या स्वतःच्या मालात खोट शोधत होत्या.

साइटवर कोण आलं-गेलं ते मोजणारं गुगलचं अ‍ॅनालिटिक्स मी उघडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. आलेख महिनाभर जमिनीला टेकलेला, मग चार दिवस एकदम उभा, मग पुन्हा जमिनीवर. पहिलं काम, ही माणसं कोणत्या गावची ते बघणं. यादीत सगळ्यात वर अ‍ॅशबर्न. हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं गाव. तिथे संगणकांची प्रचंड गोदामं आहेत, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. खाली बोर्डमन, तेही तसलंच गाव, ओरेगनमधलं. अमरावती, नागपूर, पुणे यांचा त्या चार दिवसांत पत्ता नाही.

मग वेळ. खरं गिऱ्हाईक दुपारी जेवणानंतर येतं, रात्री नऊ-दहाला येतं, पहाटे तीनला झोपलेलं असतं. या बारा हजारांचा ओघ पहाटे तीनला जेवढा, तेवढाच दुपारी तीनला. सगळे पहिल्याच पानावर उतरले, किमतीचं पान कोणी उघडलं नाही. थांबण्याचा सरासरी वेळ एक सेकंदसुद्धा भरत नव्हता. गुगलच्या हिशेबात निदान दहा सेकंद थांबलेली किंवा दोन पानं पाहिलेली भेट ‘गुंतलेली’ धरतात. बारा हजारांत तशी एकही निघाली नाही.

“मंग हे मानसंच नाईत?” सचिवताईंनी विचारलं.

नाहीत. एका संगणकावर एक छोटा प्रोग्राम चालतो, तो पान उघडतो आणि बंद करतो, हजारदा, दहा हजारदा. त्यालाच बॉट म्हणतात. विकणाऱ्याला एका भेटीमागे पैसासुद्धा खर्च येत नाही. तो कागदावर खोटं बोललेला नसतो, मोजणीत बारा हजार खरंच दिसतात. फसवणूक आहे ती ‘व्हिजिटर’ या शब्दाआड. आपण माणूस समजतो, तो आकडा विकतो.

हा धंदा जगभर चालतो. अमेरिकेतल्या देवुमी नावाच्या कंपनीनं नट, खेळाडू, व्यापारी अशांना ट्विटरचे खोटे अनुयायी विकले, कोट्यवधींच्या संख्येनं. न्यूयॉर्क टाइम्सनं जानेवारी 2018 मध्ये ते उघड केलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या व्यापार आयोगानं तिच्या मालकाशी 25 लाख डॉलरची तडजोड केली. तिथले शिकले-सवरलेले लोकही असला माल विकत घेतात, तर माझ्या गटातल्या बायकांनी मान खाली घालायचं कारण नाही. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

मग मी तारीख मागे नेली, पॅकेजच्या आधीच्या महिन्यात. तिथे भेटी मोजक्याच, पण गावांची नावं अमरावती, आर्वी, नागपूर, पिंपरी-चिंचवड. एक बाई, बहुधा बाईच, पुण्याकडची, तीनदा आलेली. कुरडईचं पान उघडून दोन-दोन मिनिटं थांबलेली आणि तिथूनच परत गेलेली. ती का गेली हे बघायला मी माझ्या मोबाईलवर तेच पान उघडलं. किमतीचा तक्ता फोटो म्हणून टाकलेला, मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी. कुरियरचा खर्च कुठेच लिहिलेला नाही. फोन नंबर आहे, पण त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही.

एका तासात ते दुरुस्त केलं. किमती फोटोऐवजी मजकुरात लिहिल्या, अर्धा किलो, एक किलो. महाराष्ट्रात कुठेही पाठवायचा खर्च लिहिला. नंबर असा केला की बोट ठेवताच लागेल, शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं बटन. अध्यक्षांच्या मोबाईलमध्ये चीक शिजवतानाचा एक फोटो होता, मोठं पातेलं, वाफ आणि तिघींचे हात. तो वर घेतला. बाजारातून आणलेल्या गुळगुळीत चित्रापेक्षा तो कितीतरी चांगला आहे.

पैशांचं काय, हे सांगणं अवघड होतं. पैसे त्यांनी स्वतः भरलेले, म्हणजे बँक ‘परवानगीशिवाय झालेला व्यवहार’ म्हणणार नाही. पण ‘खरे ग्राहक मिळतील’ असं त्या माणसानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलंय. ते निरोप, पैसे भरल्याची पावती आणि अ‍ॅनालिटिक्सच्या पानांचे फोटो मी एका फाइलमध्ये घातले. त्याला पैसे परत मागणारं पत्र लिहून पाठवलं. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथूनही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, पण स्वतःच्या हातानं राबून पोट भरणाऱ्याला 2019 च्या कायद्यात सूट आहे, आणि कुरडया करणाऱ्या बायका त्यात बसतात असं मला वाटतं. भांडून बघायला हरकत नाही.

दीड

डबा खाताना शेजारचा मोबाईल रिपेअरवाला सांगत होता, त्याच्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बरेच जण हल्ली ‘क्लिकचं काम’ करतात. हे काम नवं नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

2011 मध्ये स्पीक एशिया नावाच्या, सिंगापूरला नोंदवलेल्या कंपनीचा गाजावाजा झाला. 11,000 रुपये भरा आणि घरी बसून सर्व्हेचे फॉर्म भरून कमवा. देशभरातून सुमारे 24 लाख लोक त्यात आले. पैसे थांबले तेव्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं तपास हाती घेतला. मग नोएडाचं सोशल ट्रेड. 5,750 पासून 57,500 रुपयांपर्यंत भरायचे, रोज दिलेल्या लिंक उघडायच्या, एका क्लिकला पाच रुपये. फेब्रुवारी 2017 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकानं चालकाला अटक केली तेव्हा रक्कम सांगितली गेली सुमारे 3,700 कोटी. नव्यांकडून आलेले पैसे जुन्यांना वाटले जात, असा पोलिसांचा आरोप होता.

गटाच्या बायकांना विकलेले बारा हजार आणि पाच रुपयांना केलेली ती क्लिक, दोन्ही एकाच बाजाराचा माल. एकीकडे दुकानदाराला सांगायचं, तुला पाहणारे देतो. दुसरीकडे बेकार पोराला सांगायचं, बघायचे पैसे देतो. माल घेणारा कोणीच नाही. पाच रुपये कुठून येतात, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे होता. पण पहिल्या महिन्यात शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आलेले दिसतात ना, तिथेच माणूस घसरतो.

तीन

आणि त्यातलाच एक पोरगा तीन वाजता आला. बारावी झालेला, नदीपल्याडचा. त्याला बँकेचं स्टेटमेंट छापून हवं होतं. छापताना दिसलं ते मी बोलून दाखवलं. अनोळखी लोकांकडून आलेली रक्कम, दहाच मिनिटांत पुढे गेलेली, असं चारदा.

आधी तो गप्प. मग सांगायला लागला. टेलिग्रामवर हॉटेलांना पाच तारे द्यायचे, एका रिव्ह्यूचे 50 रुपये. पहिल्या दिवशी खरंच 150 आले. दुसऱ्या दिवशी ‘प्रीपेड टास्क’, 1,000 भर, 1,300 मिळतील, तेही मिळाले. आता 5,000 मागतायत. आणि त्याचं खातं ‘कंपनीच्या पेमेंटसाठी’ वापरायला दिलं तर वर कमिशन.

“ताई, मी काई चोरी नाई केली,” तो म्हणाला. खरं आहे, त्यानं चोरी केली नाही. पण त्याच्या खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीची असू शकते. तो फसवलेला माणूस तक्रार करील तेव्हा पोलिसांना पहिलं नाव याचंच दिसेल. ज्यानं काम दिलं त्याचं खरं नाव तर यालाही ठाऊक नाही.

त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता. त्याच्या समोर बसून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावला, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार भरली. चारही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर क्रमांक, टेलिग्रामचं नाव, निरोपांचे फोटो. बँकेच्या शाखेला द्यायचं पत्र त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं, कारण आपण होऊन कळवलं हे कागदावर असायला हवं. घरी सांगायला तो तयार नव्हता. “बाबा मारतीन.” मी म्हटलं, आज मारतील, पण पोलीस दारात आल्यावर त्यांना कळलं तर त्यांची मान गावात खाली जाईल. तो बराच वेळ बसून राहिला आणि मग त्यानं वडिलांना फोन लावला.

त्यानं टाकलेले ते तारेही माझ्या मनातून जात नाहीत. त्या हॉटेलात न गेलेल्या पोरानं त्याला उत्तम ठरवलं. उद्या ते वाचून एखादं कुटुंब तिथे उतरेल. खोट्या रिव्ह्यूंना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. माझ्या मते ते सक्तीचं करायला हवं.

साडेपाच

कुऱ्ह्याहून एक संत्रेवाला आला. त्याला ‘यूट्यूबचे 1,000 सबस्क्रायबर’ विकत घ्यायचे होते. चॅनेलला जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास पाहणं लागतं, हे खरं. पण विकत घेतलेले सबस्क्रायबर व्हिडिओ बघत नाहीत, तास भरत नाहीत, आणि पकडले गेले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. अंबिया बहाराच्या तोडणीची वेळ कशी ओळखायची यावर त्याचा एक व्हिडिओ आहे, त्यावर कास्तकारांनी खरे प्रश्न विचारलेत. मी त्याला त्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बसवलं.

साडेसात

भोजनालयवाल्याचा मुलगा आला तो मोबाईलवर एक पान उघडूनच. सकाळचं 499 चं पॅकेज मागे पडलं होतं, आता त्याला ‘डिजिटल मार्केटिंगचा मास्टर कोर्स’ हवा होता. 99 रुपयांच्या वेबिनारला बसला होता, शेवटी ऑफर, 24,999 चा कोर्स आज 4,999 ला. वर लाल घड्याळ उलटं धावत होतं : 6 मिनिटं 12 सेकंद.

“ताई, लवकर सांगा, टाइम नाई.”

मी म्हटलं, पान बंद कर आणि पुन्हा उघड. त्यानं उघडलं. घड्याळात पुन्हा 15 मिनिटं.

तो बघतच राहिला. मी अजून एकदा करायला लावलं. परत 15. खाली ‘फक्त 3 जागा शिल्लक’, तेही तसंच. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला अशा फसव्या रचनांचे 13 प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यांत खोटी घाई दाखवणं हा एक प्रकार आहे. कायद्यानं जे करू नये म्हणून सांगितलंय ते करून जो शिकवणी विकतो, तो काय शिकवणार?

“पन मंग आपलं हॉटेल वर कसं येईन?”

याचं उत्तर कोणी लपवून ठेवलेलं नाही. मॅपवर कोण वर दिसणार ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती जणांना माहीत आहे. अंतर विकत घेता येत नाही, आणि इथे ते त्याच्याच बाजूचं आहे. मंदिरात आलेला माणूस जेवण शोधतो तेव्हा याचं भोजनालय चार पावलांवर असतं. त्याची नोंद उघडली तर धंद्याच्या प्रकारात ‘हॉटेल’ लिहिलेलं, म्हणजे गुगलच्या लेखी राहायची जागा. बंद व्हायची वेळ दुपारी तीन, ती जुनी. फोटोत फक्त पाटी, आणि तिच्यावर मोटरसायकलची सावली.

प्रकार बदलून शाकाहारी भोजनालय केला. वेळ सुधारली, जत्रेच्या दिवसांसाठी वेगळी वेळ टाकली, सकाळी सहा ते रात्री अकरा. उपवासाचं मिळतं हे लिहिलं, एकादशीला लोक तेच शोधतात. पन्नास माणसांची दिंडी आली तर आधी फोन करा, हेही लिहिलं. मागच्या जत्रेत जेवून गेलेल्या एका यात्रेकरूनं भाजीत मीठ जास्त होतं असं लिहिलेलं होतं, त्याला उत्तर नव्हतं. मुलगा ते काढून टाकायला सांगत होता. मी त्याला त्याच्याच शब्दांत उत्तर लिहायला लावलं. त्यानं लिहिलं : ‘चुकलं भाऊ. या वर्षी या, आईच्या हातची भाजी आहे.’

थाळीचे फोटो उद्या दुपारी बाराला काढायचं ठरलं. त्याआधी भिंतीवरचे जुने दर पुसून नवे लिही, असं त्याला सांगितलं, म्हणजे नोंदीत आणि भिंतीवर एकच आकडा राहील.